हैबतबाबा आरफळकर : वारीची घडी बसवणारा आपल्या मातीतला वारकरी

पलूस-तासगावाकडच्या शेतकऱ्यापुढे आरफळ हा शब्द काढला, की त्याला कालवा आठवतो. पाणी कधी सुटणार, किती दिवस चालणार, आपल्या पाळीला येणार का, एवढंच त्याच्या मनात येतं. कालव्याला ज्या गावाचं नाव आहे, ते आरफळ सातारा तालुक्यात आहे. आणि त्या गावाहून आणखी एक मोठा प्रवाह सुटलेला आहे, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. जेष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते, पुढे दिंड्या, मागे दिंड्या, मध्ये रथ, रोज ठरलेल्या गावी तळ आणि दशमीला पंढरपूर. ही सगळी घडी ज्यांनी बसवली, ते हैबतबाबा पवार याच आरफळचे. म्हणून त्यांना आरफळकर म्हणतात.

आमच्या दिंडीला यंदा शंभर वर्षं होत आहेत. दिंडीत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतली माणसं आहेत, बहुतेक कृष्णाकाठची. शंभर वर्षांचा हिशेब मांडायला बसलो, तर पहिला दंडवत कुणाला घालायचा, याचा फार विचार करावा लागला नाही. ज्यांनी वाट आखून दिली, त्यांनाच. म्हणून बाबांचं चरित्र आम्हाला जसं समजलं, तसं इथं लिहीत आहोत.

बाबांचा जन्म आरफळच्या पवार घराण्यातला. तो काळ मराठी फौजांचा होता. घरात शेती असली, तरी हातात तलवार धरून नशीब काढायला उत्तरेत जाणं ही आपल्या भागात रीतच होती. ग्वाल्हेरचे शिंदे मूळचे कण्हेरखेडचे, म्हणजे साताऱ्याचेच. त्यांच्या पदरी इकडची किती घराणी राहिली, त्याला गणती नाही. हैबतरावही शिंद्यांच्या दरबारी गेले आणि आपल्या कर्तबगारीवर सरदार झाले. फौजेत राहिलेल्या माणसाला काही गोष्टी अंगवळणी पडतात. हजारो माणसं घेऊन कूच कसं करायचं, तळ कुठं टाकायचा, पाणी कुठं, दाणागोटा कुठं, पुढं कोण, मागं कोण, रात्री पहारा कोण देणार. हैबतरावांना हे सगळं येत होतं. ते पुढं कोणाच्या कामी येणार आहे, हे मात्र त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

पुढची हकीकत वारकऱ्यांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या आहे. हैबतराव आपली मिळकत बरोबर घेऊन गावाकडं निघाले होते. सातपुड्याच्या डोंगरात भिल्लांनी त्यांना गाठलं, लुटलं आणि बरोबरच्या माणसांसह गुहेत कोंडलं. ते दिवस असे होते की वाटा सुरक्षित नव्हत्या, पेंढाऱ्यांची भीती होती, चार हत्यारबंद माणसं सोबत असूनही धनी घरी पोचेल याची खात्री नसायची. हैबतरावांना लहानपणापासून माउलींच्या हरिपाठाची गोडी होती. सुटकेची दुसरी वाट दिसेना, तेव्हा त्यांनी हरिपाठ धरला. एक दिवस, दोन दिवस, असं करत एकवीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नायकाला मुलगा झाला. या कैद्यांच्या नामस्मरणाचाच हा गुण आहे असं त्याला वाटलं, त्यानं गुहेचं दार उघडलं आणि लुटलेलं सगळं परत देऊन त्यांना मानानं वाटेला लावलं.

हैबतराव तिथून निघाले, ते आरफळला घर करायला गेले नाहीत. आळंदीला आले आणि माउलींच्या समाधीपुढं बसले. जो जीव परत मिळाला, तो आता आपला नाही, ज्यानं दिला त्याचा आहे, असा त्यांचा भाव झाला. सरदार हैबतराव संपले आणि हैबतबाबा झाले. समाधीपुढं भजन करायचं, देवाची सेवा करायची आणि आषाढीला पंढरीला पायी जायचं, हा त्यांचा नेम.

त्या वेळी वारी कशी होती, हे समजल्याशिवाय बाबांचं काम समजत नाही. वारी काही बाबांनी सुरू केली नाही. ती माउलींच्याही आधीपासून चालत आलेली आहे. पालखीची प्रथा तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी सन १६८५ मध्ये घातली. तुकोबांच्या पादुका घेऊन देहूहून निघायचं, आळंदीला येऊन माउलींच्या पादुका घ्यायच्या आणि दोघांना एकाच पालखीतून पंढरीला न्यायचं, असा तो सोहळा होता. ज्ञानोबा-तुकारामांचं नाव एका दमात घेण्याची आपली सवय त्या पालखीनं आणखी घट्ट केली. जवळजवळ दीडशे वर्षं हे असं चाललं. पुढं त्या सोहळ्यातल्या हक्कांवरून, मानपानावरून मतभेद झाले. तेव्हा माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्र न्यावी, असं हैबतबाबांनी मनावर घेतलं. हे साल साधारण १८३२.

आता जरा तो काळ डोळ्यांपुढं आणा. पेशवाई जाऊन पंधरा वर्षंही झालेली नाहीत. पुण्यावर इंग्रजांचा अंमल. साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह महाराज गादीवर, फलटणला निंबाळकरांचं संस्थान. म्हणजे आळंदी ते पंढरपूर चालताना एकाच वाटेवर निरनिराळ्या राज्यांच्या हद्दी लागणार. दिवस ऐन पावसाळ्याचे. नीरा दुथडी भरली, तर पलीकडं जायचं कसं? सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, आजचे रस्ते नाहीत, पाण्याचे टँकर नाहीत, औषधाची गाडी नाही. शिवाय पंढरपूरच्या यात्रेत पटकीची साथ उठली, की माणसं पटापट जायची. अशा वाटेनं बायाबापड्यांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना न्यायचं, तर नुसती भक्ती असून भागत नाही. भक्ती माणसाला घराबाहेर काढते. पण त्याला सुखरूप पोचवायला व्यवस्था लागते. बाबांचं मोठेपण आम्हाला इथं दिसतं.

पहिली गोष्ट म्हणजे, बाबांनी हे काम एकट्याचं केलं नाही. अंकलीचे सरदार शितोळे यांना त्यांनी गळ घातली. अंकली आपल्या मिरजेच्या पलीकडं, कृष्णेच्याच काठी, आताच्या बेळगाव जिल्ह्यात. शितोळ्यांचा शिंद्यांशी जुना संबंध. महादजी शिंद्यांची मुलगी बाळाबाई शितोळ्यांच्याच घरात दिलेली. शितोळ्यांनी देवासाठी घोडे दिले, तंबू दिला आणि नैवेद्याची सेवा पत्करली. वासकरांसारख्या थोर वारकऱ्यांनी भजनाची आणि दिंडीची बाजू उचलली. आजही रथामागं पहिली दिंडी वासकरांची असते. एकानं घोडा द्यावा, एकानं तंबू, एकानं गळा, एकानं नुसतं अंग, असं करून सोहळा उभा राहिला. दिंडीत ज्याला जे जमतं ते त्यानं करावं आणि त्यात कुणी लहान-मोठं नाही, ही रीत तिथूनची.

शितोळ्यांचे अश्व अजून दरवर्षी अंकलीहून आळंदीला चालत येतात. मिरज, सांगलीवरून, वाळवा तालुक्यातून, पुढं कऱ्हाड-साताऱ्याच्या बाजूनं पुण्याकडं. आपल्याकडच्या गावांत बायका त्यांच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात. एका घोड्यावर जरीपटका घेतलेला स्वार असतो आणि दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नसतं, कारण तो माउलींचा. लहानपणी आम्ही विचारायचो की हा घोडा रिकामा का चाललाय, आणि घरची वडीलधारी माणसं तो रिकामा नाही म्हणून हात जोडायची. रिंगणात हाच घोडा धावतो आणि त्याच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो.

दुसरी गोष्ट वेळेची. एकादशी कुणासाठी थांबत नाही. म्हणून वारीचं गणित उलटं मांडावं लागतं. दशमीला पंढरपूर, नवमीला वाखरी, असं मागं मोजत मोजत आळंदीपर्यंत यायचं. कुठली मजल लांबची, कुठं घाट, कुठं नदी, कुठं मोठं गाव आहे म्हणजे दाणापाणी मिळेल, कुठं दोन रात्री थांबलं म्हणजे दमलेली माणसं सावरतील, हे सगळं बघून मुक्काम ठरतात. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, मग नीरास्नान करून आपल्या सातारा जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण, बरड आणि पुढं नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. तिथीचा क्षय झाला किंवा वृद्धी झाली, तर एखादा मुक्काम कमी-जास्त होतो, पण दशमी चुकत नाही. इतकी वर्षं झाली, घड्याळं आली, मोबाईल आले, तरी आजचा आपला वारकरी तिथीनंच चालतो.

तिसरी गोष्ट चालण्याच्या क्रमाची. पुढं चौघडा, अश्व, मग रथापुढच्या सत्तावीस दिंड्या, मग रथ, मग रथामागच्या दिंड्या. ज्याची जागा जिथं, तो तिथं. प्रत्येक दिंडीत पताकावाले पुढं, मग टाळकरी, मध्ये मृदंग, विणेकरी आणि मागं तुळशी वृंदावन, पाण्याचा हंडा घेतलेल्या बाया. निघायच्या वेळी तीनदा कर्णा वाजतो. पहिल्याला वळकट्या बांधायच्या, दुसऱ्याला तयार होऊन यायचं, तिसऱ्याला पाऊल उचलायचं. ही सगळी फौजेची रीत आहे, हे सांगायला नको. फरक एवढाच की फौज दुसऱ्याचं घ्यायला जाते आणि ही फौज स्वतःचं काही ठेवायला तयार नाही.

चौथी गोष्ट भजनाची. रोज कुठल्या वेळी काय म्हणायचं, याची शिस्त बाबांनी लावली. पहाटे काकडा, वाटेत मंगलाचरणापासून भजनाची मालिका, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ. नव्या माणसाला वाटतं, ज्याला जे आवडेल ते त्यानं म्हणावं, एवढं बंधन कशाला? पण शेकडो दिंड्या आपापल्या मनानं गायला लागल्या, तर भजनाचा नुसता गलका होईल. ठरलेली मालिका असली, की सांगलीचा माणूस मराठवाड्याच्या दिंडीत जाऊन उभा राहिला तरी त्याच्या तोंडातून पुढचं चरण आपोआप येतं. अनोळखी माणसं एका श्वासात येतात. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, तोही वीस वर्षांच्या वारीत शेकडो अभंग पाठ करून बसतो. आमच्या दिंडीतल्या कितीतरी आयाबाया अशाच शिकल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

आणि पाचवी गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती समाज आरतीची. दिवसाची चाल संपून पालखी तळावर आली, की सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ असतो. चोपदार चोप वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. लाखांचा समाज असा गप्प होतो की पालखीच्या गोंड्याची हालचाल ऐकू यावी. पण त्यातही एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर समजायचं की त्या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार तिकडं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्यांची नावं पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि आरती होते. म्हणजे ज्याला गाऱ्हाणं आहे, त्याचं ऐकल्याशिवाय देवाची आरतीसुद्धा पुढं सरकत नाही. भांडण दाबायचं नाही, धुसफुसत ठेवायचं नाही, माउलींसमोर मांडायचं आणि तिथंच संपवायचं. आम्हाला तर वाटतं, प्रत्येक ग्रामपंचायतीनं येऊन हे एकदा बघावं.

आता आमचीच एक चूक सांगतो. शताब्दीच्या ग्रंथात सगळं गोड गोड लिहिण्यापेक्षा हे लिहिलेलं बरं.

बऱ्याच वर्षांपूर्वी लोणंदहून तरडगावला जाताना, चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं त्या दिवशी, आमच्यातले एक म्हातारबाबा मागं राहिले. रिंगण झालं, टापांखालची माती घ्यायला लोटालोटी झाली, सगळे पांगले आणि परत दिंडी लागली. पुढच्यांना वाटलं ते मागं आहेत, मागच्यांना वाटलं ते सामानाच्या गाडीत बसले असतील. गाडीवाल्याला काहीच माहीत नाही. तरडगावला पाल ठोकली, जेवणाची पंगत बसायच्या तयारीला लागली, तरी कुणाच्या ध्यानात नाही. समाज आरतीला त्यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा आमच्या पायांखालची जमीन सरकली. दुसऱ्या एका दिंडीनं त्यांना रस्त्याकडेला बसलेलं बघितलं होतं, आपल्यात घेतलं होतं, भाकरी दिली होती आणि तळावर आणलं होतं. म्हातारबाबा काही बोलले नाहीत. टाळ गळ्यात घालून आमच्यात येऊन उभे राहिले. आम्ही मात्र त्या रात्री जेवलो नाही.

हैबतबाबांनी घालून दिलेली रीत नसती, तर त्या गर्दीत ते आम्हाला कुठं सापडले असते? त्या वर्षीपासून आमच्या दिंडीत रोज दोनदा मोजदाद होते. निघताना एकदा, तळावर आल्यावर एकदा. मोजदाद पुरी झाल्याशिवाय भिशीची पंगत बसत नाही. हे काही कागदावर लिहिलेलं नाही, पण आजवर मोडलेलंही नाही.

यंदा शंभरावं वर्ष, म्हणून नवीन नावं फार आली. चैत्रातल्या बैठकीत यावरून चांगलीच वादावादी झाली. तरुण मंडळींचं म्हणणं असं की तंबू पुरणार नाहीत, पाणी पुरणार नाही, संडासाची सोय पुरणार नाही, तेव्हा नोंदणी बंद करा. जुन्या मंडळींचं म्हणणं, माउलींकडं निघालेल्याला नको म्हणणारे आपण कोण? दोघांचंही खरं होतं. शेवटी बाबांची रीत आठवली. बाबांनी येणाऱ्याला अडवलं नाही, आलेल्याला जागा दिली आणि त्या जागेला जबाबदार माणूस दिला. म्हणून आम्ही असं ठरवलं की दहा-दहा जणांची एक तुकडी करायची, प्रत्येक तुकडीला वारी केलेला एक जाणता माणूस द्यायचा. तो आपल्या दहांची मोजदाद ठेवील. जितके जाणते तयार होतील तितक्या तुकड्या. जो मला यायचंय म्हणतो, त्याच्यासाठी दारं उघडी. पण जो मी दहा जणांचं बघतो म्हणून पुढं येतो, त्याच्यामुळं ती उघडी राहतात. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या दहा-बारा वाऱ्या झाल्या आहेत, त्यांनी पुढं यावं, एवढी विनंती.

हैबतबाबा सन १८३६ मध्ये गेले. सोहळा स्वतंत्र झाल्यावर त्यांना जेमतेम चार वर्षं मिळाली. पण तेवढ्यात त्यांनी घडी अशी बसवली की ती माणसावर अवलंबून राहिली नाही. पुढाऱ्याच्या मागं काम बसतं, हे आपण गावोगाव बघतो. बाबांच्या मागं ते वाढलं. आरफळकर घराण्याला आजही सोहळ्याचे मालक म्हणून मान आहे, शितोळ्यांचे अश्व येतात, वासकरांची दिंडी चालते, चोपदार चोप उचलतात. प्रत्येकाला आपलं काम ठाऊक आहे.

आळंदीला माउलींच्या मंदिराच्या महाद्वारात बाबांची पायरी आहे. नामदेवरायांनी पंढरीला जी जागा मागितली, तीच बाबांनी आळंदीला मागितली. वारकऱ्यांच्या पायाखालची. जो एके काळी घोड्यावर बसत होता, तो पायरी झाला. कार्तिक वद्य अष्टमीला या पायरीची पूजा होते आणि मगच आळंदीचा संजीवन समाधी सोहळा सुरू होतो. सेवा करणाऱ्याचा मान देवाच्याही आधी, असं संप्रदायानं ठरवून टाकलेलं आहे.

तेव्हा माउली, येत्या जेष्ठात आपण आळंदीला जाल. गर्दी असेल, घाई असेल, दर्शनाची ओढ असेल. तरी महाद्वारात क्षणभर थांबा, वाका, पायरीला हात लावून कपाळाला लावा. आपल्या साताऱ्याच्या मातीतला माणूस तिथं आहे. आणि पुढं वाटेत, संध्याकाळी चोप वर गेला आणि सगळा समाज शांत झाला, की आपल्या डाव्या-उजव्या बाजूला बघा. आपला सोबती जागेवर आहे का? आहे असं दिसलं, म्हणजे मग मोकळ्या मनानं आरती म्हणा.

श्रीगुरू हैबतबाबांच्या चरणी आमच्या दिंडीचा साष्टांग दंडवत.

राम कृष्ण हरी.